शंक्वाकार हत्यारधारक

चक्री कर्तन यंत्राच्या म्हणजेच मिलिंग यंत्राच्या फिरत्या तर्कूत कर्तक पकडून ठेवणारे, एका टोकाकडे निमुळते होत गेलेले पोलादी साधन. तर्कूच्या तोंडाशी तेवढ्याच निमुळतेपणाचे शंक्वाकार छिद्र असते. धारकाचा शंकू त्यात बसला की, दोहोंचे अक्ष आपोआप एका रेषेत येतात. तर्कूच्या पोकळीतून वरून किंवा मागून घातलेला आटेदार दांडा धारकाला आत ओढून धरतो. या दांड्यास कारखान्यात ड्रॉबार म्हणतात. कर्तक बदलताना धारक सहज निघावा, परंतु काम चालू असताना तो तसूभरही हलू नये, अशा दोन परस्परविरोधी अपेक्षा या साधनाकडून असतात. शंक्वाकार धारकाचा इतिहास हा या दोन अपेक्षांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. जुन्या यंत्रांत धारक घट्ट अडकण्याची जी तक्रार वारंवार आढळते, तिचे मूळही याच विरोधात आहे.

इतिहास : चक्री कर्तन यंत्राचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील बंदुकांच्या कारखान्यांत झाला. त्याच्या शोधाचे श्रेय पूर्वी ईलाय व्हिटनी यांना देत असत. सिमियन नॉर्थ व इतर शस्त्रनिर्मात्यांकडेही अशी यंत्रे त्याच सुमारास तयार होत होती, असे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. त्यामुळे एका व्यक्तीला हे श्रेय देण्याची प्रथा आता मागे पडली आहे. १८५५ च्या सुमारास हार्टफर्ड येथे तयार होऊ लागलेले लिंकन यंत्र मोठ्या प्रमाणावर खपले. अशा यंत्रांवर प्रायः एकच कर्तक दीर्घकाळ एकच काम करीत असे. कर्तक वारंवार बदलण्याची गरज नसल्याने तो कसा निघेल, या प्रश्नाला फारसे महत्त्व नव्हते.

ही परिस्थिती सार्वत्रिक चक्री कर्तन यंत्रामुळे बदलली. बंदुकीच्या भागांना भोके पाडण्यासाठी लागणाऱ्या पिळदार गिरमिटांच्या खोबणी तोवर कानशीने हाताने कापाव्या लागत. हे वेळखाऊ काम यंत्राने व्हावे, अशी प्रॉव्हिडन्स टूल कंपनीची गरज होती. ती भागविण्यासाठी जोसेफ आर. ब्राउन यांनी १८६१ मध्ये सार्वत्रिक यंत्राचा आराखडा केला आणि १८६२ मध्ये असे पहिले यंत्र विकले गेले. या यंत्रावर खोबणी, दंतचक्रांचे दाते व चावीगाळे अशी निरनिराळी कामे होऊ लागली आणि प्रत्येक कामासाठी वेगळा कर्तक लागू लागला. ब्राउन अँड शार्प कंपनीने आपल्या धारकांसाठी दर फुटास अर्धा इंच, म्हणजे १:२४ इतका निमुळतेपणा ठरविला. यांपैकी १० क्रमांकाचा शंकू मात्र दर फुटास ०·५१६१ इंच असा वेगळा राहिला.

त्याच दशकात स्टीफन ए. मोर्स यांनी पिळदार गिरमिटाचे एकस्व १८६३ मध्ये मिळविले व पुढील वर्षी न्यू बेडफर्ड येथे त्यांची कंपनी स्थापन झाली. गिरमिटाच्या मागील टोकासाठी त्यांनी रूढ केलेला शंकू ‘मोर्स टेपर’ या नावाने जगभर पसरला. त्याचा निमुळतेपणा स्थूलमानाने १:२० इतका आहे. तथापि ० ते ७ या क्रमांकांचे मोर्स शंकू परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. क्र. १ चा निमुळतेपणा दर फुटास ०·५९८५८ इंच, क्र. ३ चा ०·६०२३५ इंच आणि क्र. ५ चा ०·६३१५१ इंच आहे. ही मापे एकदा प्रचारात आल्यावर लाखो गिरमिटे व यंत्रे त्यांनुसार तयार झाली. त्यामुळे पुढे मानके ठरविताना ही विषमता दूर न करता जशीच्या तशी स्वीकारावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राउन अँड शार्पमधील ऑस्कर बील यांनी ‘जार्नो’ या टोपणनावाने सर्व क्रमांकांना दर फुटास ०·६ इंच असा एकसारखा निमुळतेपणा असलेली सुटसुटीत पद्धती सुचविली. ती शास्त्रशुद्ध असूनही मोर्स शंकूची जागा घेऊ शकली नाही.

हे सर्व मंद उताराचे शंकू एकदा बसले की, स्वतःच घट्ट धरून राहतात. म्हणून त्यांना स्वधारी शंकू म्हणतात. वेधन यंत्रात हा मोठा गुण ठरतो. कारण तेथे गिरमीट मुख्यतः अक्षाच्या दिशेने दाबले जाते आणि काढण्यासाठी बाहीच्या खाचेत पाचर ठोकता येते. चक्री कर्तनात मात्र दात्यांचे आघात आडव्या दिशेने व थांबून थांबून होतात. यंत्रे जसजशी अधिक शक्तिमान झाली, तसतसे धारक अधिक घट्ट बसू लागले व काढताना अधिक जोराने ठोकावे लागू लागले. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील चक्री कर्तन यंत्रांच्या उत्पादकांनी १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ७:२४ निमुळतेपणाचा तीव्र उताराचा शंकू मानक म्हणून स्वीकारला. यात शंकूने फक्त अक्ष जुळवावा, पकडण्याचे काम दांड्याने करावे आणि फिरविण्याचे काम तर्कूच्या तोंडावरील दोन चाव्यांनी करावे, अशी कामांची विभागणी करण्यात आली. दांडा सैल केला की सुटणाऱ्या या शंकूला स्वमोची शंकू म्हणतात. त्याचे ३०, ४०, ५० व ६० हे क्रमांक विशेष प्रचारात असून त्यांचा मोठ्या टोकाकडील व्यास अनुक्रमे ३१·७५, ४४·४५, ६९·८५ व १०७·९५ मिमी. असतो. पुढे हाच शंकू आंतरराष्ट्रीय मानक झाला.

लहान उभ्या यंत्रांत वेगळी परंपरा निर्माण झाली. १९३८ मध्ये अमेरिकेत प्रचारात आलेल्या ब्रिजपोर्ट यंत्राच्या आरंभीच्या नमुन्यांत ब्राउन अँड शार्प क्र. ७ किंवा मोर्स क्र. २ हे स्वधारी शंकू असत. नंतरच्या नमुन्यांतून आर-८ हा धारक रूढ झाला. त्याच्या तोंडाशी सु. १६° ५१′ कोनाचा आखूड शंकू आणि त्यामागे सु. २४·१ मिमी. व्यासाचा लांब दंडगोल असतो. हा दंडगोल तर्कूच्या सरळ भोकात अगदी थोड्या मोकळीकीने सरकतो.

तत्त्व : शंकू अडकेल की सुटेल, हे त्याचा अर्धकोन व पृष्ठभागांमधील घर्षण या दोहोंवर अवलंबून असते. मोर्स शंकूचा अर्धकोन सु. १° २६′ आहे. स्वच्छ व किंचित तेलकट पोलादाचा घर्षण गुणांक ०·१२ धरल्यास घर्षण कोन जवळजवळ ७° येतो. अर्धकोन घर्षण कोनापेक्षा बराच लहान असल्याने शंकू धरून राहतो. दांड्याने धारक ज्या बलाने आत ओढला असेल, त्याच्या सु. सातपट दाब शंकूच्या पृष्ठभागांवर येतो आणि दांडा पूर्ण सैल केल्यावरही धारक उपटण्यासाठी मूळ बलाच्या सु. दोन तृतीयांश बल लागते. याचा अर्थ असा की, मोर्स शंकूच्या यंत्रात धारक हाताने न निघणे हा बिघाड नसून शंकूचा स्वभाव आहे.

याउलट ७:२४ शंकूचा अर्धकोन ८° १८′ असून तो वरील घर्षण कोनापेक्षा मोठा आहे. त्यामुळे असा धारक सुटणे स्वाभाविक असते. मात्र ही मोकळीक बेताचीच आहे. घर्षण गुणांक ७/४८ म्हणजे सु. ०·१४६ च्या वर गेला की, स्वमोची शंकूही स्वधारी बनतो. गुणांक ०·२ झाल्यास धारक काढण्यासाठी ओढण्याच्या बलाच्या सु. एक षष्ठांश बल लागते. कोरडे, गंजलेले किंवा खरवडलेले पृष्ठभाग ही मर्यादा सहज ओलांडतात. म्हणून स्वमोची शंकू अडकू लागला, तर कोन बदललेला नसून पृष्ठभाग बिघडला आहे, असा निष्कर्ष प्रथम काढणे योग्य ठरते.

अडकण्याची कारणे : जुन्या यंत्रातील घट्टपणाची कारणे ठरविताना धारक बसतानाच घट्ट जातो की बसल्यानंतर निघत नाही, हे आधी पाहावे लागते. बसतानाच घट्ट जाणाऱ्या धारकात दोष प्रायः शंकूत नसून इतरत्र असतो. आर-८ पद्धतीत हे विशेषेकरून आढळते. तर्कूच्या आत डोकावणारा चावीचा बारीक पेच वाकलेला किंवा धारक घसरल्यामुळे दबलेला असतो व तो धारकाच्या चावीगाळ्यात अडतो. चावीगाळ्याच्या कडेला धातूची बारीक धार, म्हणजे कारखान्यातील भाषेत बर, उठलेली असते. एखाद्या उत्पादकाच्या धारकाचा दंडगोलच व्यासाने थोडा मोठा असतो. एक धारक घट्ट व बाकीचे मोकळे जात असतील, तर दोष त्या धारकात. सर्वच घट्ट जात असतील, तर दोष तर्कूत, ही परीक्षा सोपी व विश्वसनीय आहे.

बसल्यानंतर न निघणाऱ्या धारकाची कारणे वेगळी असतात. दांडा गरजेपेक्षा अधिक आवळणे हे त्यांतील सर्वांत साधे कारण होय. दुसरे कारण तापमानातील फरकाचे आहे. दीर्घकाळ चालून तापलेल्या तर्कूत थंड धारक बसविला आणि यंत्र बंद करून ठेवले, तर तर्कू निवताना धारकावर आवळला जातो. ४४ मिमी. व्यास व ३०° से. फरक असल्यास हे आकुंचन सु. ०·०१६ मिमी. असते. हा आकडा लहान दिसतो. परंतु १:२० शंकूत तो धारक सु. ०·३ मिमी. अधिक आत ओढल्यासारखा होतो. ७:२४ शंकूत तेवढ्याच आकुंचनाचा परिणाम ०·०५ मिमी.च्या आसपास राहतो. म्हणून काम संपल्यावर, विशेषतः रात्रभर, धारक तर्कूत ठेवू नये, असा जुन्या कारागिरांचा दंडक आहे.

तिसरे कारण सूक्ष्म हालचालीचे. आघाती कर्तनात धारक तर्कूत काही मायक्रोमीटर मागेपुढे होत राहिला, तर संपर्कपृष्ठे झिजून तांबूस तपकिरी भुकटी तयार होते. हे लोह ऑक्साइड असते. ते घर्षण वाढविते व कालांतराने दोन्ही पृष्ठे ठिकठिकाणी एकमेकांना चिकटतात. चौथे कारण मापांच्या मिश्रणाचे. मोर्सच्या निरनिराळ्या क्रमांकांचे निमुळतेपण सारखेच आहेत असे समजून घासलेली बाही एकाच टोकाशी टेकते. तिथे दाब एकवटतो आणि धारक अडकतो, शिवाय दुसऱ्या टोकाशी डगमगतो.

परीक्षण व उपाय : शंकूवर निळा लेप अगदी पातळ लावून तो तर्कूत हलकेच फिरवून काढल्यास संपर्क कोठे होतो हे कळते. लेप सर्वत्र सारखा पुसला गेला, तर बसणी योग्य आहे. केवळ एका टोकाला पुसला गेला, तर कोन जुळत नाही. ठिपक्याठिपक्यांनी पुसला गेला, तर पृष्ठभागावर उंचवटे आहेत. उंचवटे बारीक तेलदगडाने धारकावरून काढतात. तर्कूच्या आतील पृष्ठभागाला मात्र पॉलिश कागद लावून फिरविणे धोक्याचे असते, कारण धारक बदलता येतो, परंतु तर्कूचा शंकू बिघडला तर प्रत्येक धारक बिघडतो.

अडकलेला धारक काढताना विद्युत पुरवठा बंद करून कर्तकाभोवती जाड कापड गुंडाळतात व खाली लाकडाचा ठोकळा ठेवतात. दांडा दोन-तीन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर पितळी किंवा तांब्याच्या हातोडीने एकच ठाम टोला देतात. दांडा पूर्णपणे सोडविल्यास टोल्याचा आघात मोजक्या आट्यांवर येऊन ते तुटतात. अगदीच न सोडविल्यास धारकाला हलण्यास जागा राहत नाही. एवढ्याने काम न झाल्यास भेदक तेल सोडून काही तास थांबणे श्रेयस्कर असते. वारंवार व जोराने ठोकल्यास धारव्यांतील गोळ्यांचे ठसे त्यांच्या कड्यांवर उमटतात. धारक निघतो, पण त्यानंतर तर्कू कायमचा थरथरतो आणि यंत्राची अचूकता परत येत नाही. धारकाची किंमत यंत्राच्या किंमतीच्या मानाने नगण्य असल्याने, निकराच्या प्रसंगी धारक कापून काढणे हाच स्वस्त उपाय ठरतो.

बसविण्यापूर्वी दोन्ही शंकू कोरड्या कापडाने पुसणे हा प्रतिबंधक उपाय सर्वांत महत्त्वाचा. स्वधारी शंकूवर तेलाचा जाड थर ठेवल्यास तो घसरतो व खरवडला जातो. स्वमोची शंकूवर गंज टाळण्यापुरता अगदी पातळ थर चालतो.

भारतातील परिस्थिती : भारतात चक्री कर्तन यंत्रे प्रथम रेल्वेच्या, गिरण्यांच्या व शस्त्रनिर्माणीच्या कार्यशाळांत आली. मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांतून ती चालविणारे कारागीर तयार होऊ लागले. ही यंत्रे ब्रिटिश, अमेरिकन व जर्मन अशी मिश्र होती आणि त्यांचे शंकूही तसेच होते. दुसऱ्या महायुद्धात आयात आक्रसली. १९४१ मध्ये यंत्र हत्यारांवर सरकारी नियंत्रण आले व देशी उत्पादनाला चालना मिळाली. किर्लोस्कर समूहाची म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी त्याच वर्षी हरिहर येथे सुरू झाली. १९५३ मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान मशीन टूल्स आणि महाराष्ट्रात अंबरनाथ येथे यंत्र हत्यारांच्या आद्यनमुन्यांचा संरक्षण खात्याचा कारखाना स्थापन झाला. हिंदुस्थान मशीन टूल्सने पश्चिम जर्मनीच्या फ्रिट्झ वेर्नर कंपनीच्या सहकार्याने चक्री कर्तन यंत्रे बनविली. ७:२४ शंकू असलेली ही यंत्रे देशभरातील कारखान्यांत व तंत्रशिक्षण संस्थांत पोहोचली.

भारतीय कारागिराला शंकूंच्या मिश्रणाबरोबर आट्यांच्या मिश्रणालाही तोंड द्यावे लागले. १९५६ च्या वजन-मापे कायद्यानंतर देशात मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने आली. पण जुनी यंत्रे इंचांतच राहिली. ४० क्रमांकाच्या धारकाला अमेरिकन पद्धतीत ५/८ इंच व्यासाचे, इंचास ११ आट्यांचे भोक असते. मेट्रिक पद्धतीत १६ मिमी. व्यास व २ मिमी. अंतराल असते. व्यासांत केवळ ०·१२५ मिमी. फरक असल्याने दांडा एक-दोन फेरे शिरतो व मग अडतो. ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीच्या ५/८ इंच दांड्यालाही इंचास ११ आटेच असतात. पण त्यांचा कोन ६०° ऐवजी ५५° असतो. असा दांडा अमेरिकन धारकात कष्टाने शेवटपर्यंत जातो. मग दांडा सुटत नाही आणि दोष मात्र निर्दोष शंकूवर ठेवला जातो.

मुकुटबन व वणी परिसर : या प्रश्नाला दुर्गम भागात विशेष महत्त्व प्राप्त होते. यवतमाळ जिल्ह्यात यांत्रिक दुरुस्तीची गरज प्रथम कापसाचे जिनिंग व प्रेसिंग कारखाने आणि यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंदमापी लोहमार्ग यांमुळे निर्माण झाली. नंतर वणी परिसरातील कोळसा खाणींनी ती वाढविली. १९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये नागपूर येथे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली आणि या परिसरातील खाणकाम वाढले. वणीच्या दक्षिणेस झरी जामणी तालुक्यात असलेले मुकुटबन हे माजरी–आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानक कोळसा व चुनखडक या दोन्ही खनिजांच्या पट्ट्यात येते. तेथे २०२२ मध्ये मोठा सिमेंट कारखाना उत्पादन करू लागला.

दळणयंत्रे, वाहक पट्टे व खोदयंत्रे यांचे दंड, जोडण्या व दंतचक्रे सतत झिजतात. मोठ्या कारखान्यांच्या स्वतःच्या कार्यशाळा असतात. परंतु शेतीची अवजारे, मालमोटारी, पंप व जिनिंगची यंत्रे यांची दुरुस्ती विदर्भातील तालुक्यांच्या गावी छोट्या कार्यशाळांवर अवलंबून असते. अशा कार्यशाळेला नवे यंत्र परवडत नाही. ती दुसऱ्या-तिसऱ्या हाती आलेले जुने यंत्र घेते, आणि त्याबरोबर त्या यंत्राचा शंकू, आटे व मागील मालकाने केलेल्या ठोकाठोकीचे व्रणही तिच्याकडे येतात. हंगामात जिनिंगचा एक दंड थांबला, तर कापसाच्या गाड्या थांबतात. अशा वेळी घाईने मारलेला हातोडा यंत्राचे आयुष्य कमी करतो आणि बदली तर्कू मिळविण्यासाठी नागपूर किंवा त्याहून दूरच्या बाजारपेठेचा शोध घ्यावा लागतो. धारक का अडकला हे ओळखण्याचे ज्ञान अशा ठिकाणी यंत्राइतकेच मोलाचे भांडवल असते.

आधुनिक बदल : संगणक-नियंत्रित यंत्रांत हत्यार आपोआप बदलले जात असल्याने दांड्याच्या जागी चकती-स्प्रिंगांच्या रचनेने ओढणारी पकड आली. ती सुटतानाच धारकाला थोडे बाहेर ढकलते. अतिवेगी कर्तनासाठी १९८० नंतरच्या दशकात जर्मनीत १:१० निमुळतेपणाचा, आखूड व पोकळ एच एस के धारक विकसित करण्यात आला. त्यात शंकू व तर्कूचा चेहरा ही दोन्ही पृष्ठे एकाच वेळी टेकतात. मंद उताराचा हा शंकू काही अंशी जुन्या स्वधारी परंपरेकडे वळतो. तो सोडविण्याचे काम मात्र हातोडीऐवजी यंत्रणेकडे सोपविलेले असते. तथापि मोर्स, ब्राउन अँड शार्प व ७:२४ शंकूंची हाताने चालवावयाची यंत्रे प्रशिक्षण संस्थांत व दुरुस्तीच्या कार्यशाळांत अद्याप कामात आहेत. शंकूचा कोन, पृष्ठभागाची स्वच्छता व दांड्याचे आटे ही तीन लक्षणे क्रमाने तपासण्याची पद्धत त्यांच्या बाबतीत आजही तितकीच उपयुक्त आहे.